पाय एकच, डोकी दोन

नवा मिररलेस कॅमेरा हाती आला, की महिन्या-दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास पुढे येतो: फोटो आणि व्हिडिओ, दोन्हींना चालेल असा एकच ट्रायपॉड कोणता? कॅमेरा दोन्ही कामं करतो, मग त्याच्याखालच्या तिवईने का करू नयेत, असा त्यामागचा हिशेब असतो. दुकानात उत्तर तयार असतं. दीड-दोन हजारांचं एक खोकं पुढे येतं, त्यावर डोंगरावरचा फोटोग्राफरही छापलेला असतो आणि लग्नातला व्हिडिओवालाही. घरी आणल्यावर फोटो बरे येतात, पण कॅमेरा फिरवून घेतलेला पहिलाच व्हिडिओ पाहताना डोळ्यांना त्रास व्हायला लागतो. मग माणूस आणखी महाग 'टू-इन-वन' शोधू लागतो आणि तोही निम्माच उपयोगी पडतो. घोडं अडतं ते किमतीपाशी नाही. ट्रायपॉड ही एक वस्तू आहे, या समजुतीपाशी अडतं. खरं तर त्या तीन वस्तू आहेत: पाय, पायांवर बसणारं हेड, आणि कॅमेरा हेडला जोडणारी प्लेट. यातले पाय आणि प्लेट दोन्ही कामांना सामाईक ठेवता येतात. हेडच्या बाबतीत मात्र तडजोड करावी लागते, आणि ती कोणत्या बाजूने करायची हे आधी ठरवावं लागतं.

१. हात कुठे असतो?

ट्रायपॉडवरून फोटो काढण्याची रीत पाहा. चौकट ठरवायची, खटके आवळायचे, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात मागे घ्यायचा. शटर उघडतं तेव्हा कॅमेऱ्याला कोणी शिवलेलंही नसतं. बटण दाबताना जी थरथर झाली असेल, ती त्या दोन सेकंदांत बहुतांशी विरून जाते. आता व्हिडिओ घ्या. दिंडी डावीकडून उजवीकडे चालली आहे आणि तिच्याबरोबर कॅमेरा वळवायचा आहे. इथे हेडचा दांडा पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत हातात असतो. मनगटाचा झटका, श्वास, बोटांची पकड बदलणं, सगळं चित्रात उतरायला मोकळं असतं. म्हणजे फोटोसाठीचा ट्रायपॉड जोखायचा तो हात काढल्यावर कसा उभा राहतो यावर, आणि व्हिडिओसाठीचा जोखायचा तो हात लागलेला असताना कसा वागतो यावर. बाजारातल्या बहुतेक वर्णनांत हा भेद कुठेच सापडत नाही. तिथे फक्त 'किती किलो वजन पेलतो' एवढंच असतं.

यातूनच एक सोयीची गोष्टही निघते. मुलाखत, पाककृती, ऑनलाइन शिकवणी, गाण्याची बैठक, नाटकाच्या प्रयोगाचं मागच्या रांगेतून केलेलं चित्रीकरण, अशा व्हिडिओंत कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. ट्रायपॉडच्या दृष्टीने असा व्हिडिओ म्हणजे एक लांबलेला फोटोच. त्याला वेगळं काही लागत नाही. म्हणून 'मी व्हिडिओ करतो का' हा प्रश्न खरेदीला अपुरा आहे. 'माझ्या व्हिडिओत कॅमेरा वळतो का' असा तो विचारावा लागतो. पुढचा सगळा विचार कॅमेरा वळवणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचा वळत नाही, त्यांनी पायांबद्दलचा पुढचा भाग वाचावा, चांगला बॉल हेड (त्याची ओळख तिसऱ्या भागात) घ्यावा आणि उरलेले पैसे माइकवर खर्च करावेत.

२. किती स्थिर म्हणजे स्थिर?

पायांकडून नेमकं काय हवं, हे एका छोट्या हिशेबाने कळतं. समजा, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आणि फुल फ्रेम आहे. त्याच्या ३६ मिमी रुंद सेन्सरवर आडवे ६००० पिक्सेल बसतात, म्हणजे एका पिक्सेलची रुंदी ०.००६ मिमी. त्यावर २०० मिमीची लेन्स लावली. प्रतिमा एक पिक्सेल सरकायला कॅमेरा किती वळावा लागतो? लेन्स साधारण २० सेंमी लांब धरली, तर मागचं टोक जागेवर ठेवून पुढचं टोक ०.००६ मिमी हललं तरी पुरे. माणसाच्या केसाची जाडी याच्या दहापटीच्या आसपास असते. शटर अर्धा सेकंद उघडं असताना पुढचं टोक केसभर हललं, तर चित्र दहा पिक्सेल फरफटतं. २४ मिमीच्या वाइड लेन्सवर तेवढ्याच वळण्याचा परिणाम एक-अष्टमांशाहूनही कमी होतो. म्हणून वाइड लेन्सने समाधान देणारा ट्रायपॉड टेलिफोटो लावताच नापास होतो, आणि त्यात ट्रायपॉडचा दोष नवा नसतो, तो आता दिसायला लागलेला असतो.

पाय किती ताठ राहतील हे मुख्यतः नळीच्या व्यासावर ठरतं. इथे निसर्ग उदार आहे: पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २२ मिमीच्या जागी २८ मिमीची नळी घेतली, तर व्यास सव्वापटीच्या थोडा वर जातो. ताठपणा मात्र दुपटीच्या पुढे जातो. पण हेच गणित उलटंही चालतं. पाय घडीचे असतात आणि प्रत्येक पुढची नळी आधीच्या नळीत शिरायची असल्यामुळे सुमारे ३ मिमीने बारीक असते. २८ पासून सुरू झालेला चार घड्यांचा पाय १९ मिमीवर संपतो, पाच घड्यांचा १६ वर. एवढ्या फरकात शेवटच्या घडीचा ताठपणा सुमारे ४० टक्क्यांनी घसरतो. पिशवीत मावणारा छोटा ट्रायपॉड उघडल्यावर वेताच्या काठीसारखा का डुलतो, याचं कारण त्या शेवटच्या घडीत असतं. तीन किंवा चार घड्यांचा, वरची नळी २८ मिमीच्या आसपासची, हा दोन्ही कामांसाठी समजूतदार मध्य आहे.

व्हिडिओ पायांवर आणखी एक ताण टाकतो, जो फोटोत कधी जाणवत नाही: पीळ. दांडा धरून कॅमेरा वळवायला लागलं, की हेड वळायच्या आधी पाय किंचित पिळले जातात आणि वळवणं थांबवताच तो पीळ उलटा सुटतो. पडद्यावर शॉटच्या शेवटी चौकट थोडी मागे येऊन थांबते, ती यामुळे. जुन्या वळणाच्या व्हिडिओ ट्रायपॉडला प्रत्येक पायात दोन समांतर नळ्या आणि मध्ये पायांना बांधणारा स्प्रेडर असतो तो हा पीळ रोखण्यासाठी. मधला खांब, म्हणजे उंची वाढवायला वर सरकणारा सेंटर कॉलम, पीळ आणि डोलणं दोन्ही वाढवतो, कारण तीन पायांचं बळ शेवटी एका काठीवर येऊन उभं राहतं. तो काढून ठेवता येणारा किंवा मुळातच नसलेला ट्रायपॉड बरा. एक गोष्ट लक्षात घ्या: व्हिडिओच्या परीक्षेला उतरलेले पाय फोटोला कधी कमी पडत नाहीत, उलट बाजूने ती खात्री देता येत नाही. म्हणून पाय सामाईक ठेवायचे असतील, तर ते व्हिडिओच्या मापाने घ्यावेत. त्यांची उंचीही खांब वर न काढता मोजावी. डोळे जमिनीपासून १५५ सेंमीवर असतील, तर कॅमेरा आणि हेड मिळून १५ ते २० सेंमी वजा करा. १३५ ते १४० सेंमीचे पाय पुरतात.

पाय कशाचे घ्यावेत, हा प्रश्न त्यामानाने हलका आहे. गाडीतून सामान नेणाऱ्याला ॲल्युमिनियम पुरतं, पाठीवरून नेणाऱ्याला कार्बन फायबरचा हलकेपणा पैसे वसूल करून देतो. फ्रान्सच्या गित्झो कंपनीने १९९४ साली कार्बन फायबरचे ट्रायपॉड बाजारात आणले तेव्हा ती चैन होती. आता बऱ्याच कंपन्या ते करतात. कोकणच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी मात्र नळी कशाची आहे यापेक्षा ते पाय घरी उघडून गोड्या पाण्याने धुता येतात का, हे आधी पाहावं. वाळू आणि खारं पाणी नळ्यांच्या जोडांत शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं.

३. तेल काय करतं?

आता हेडकडे येऊ. फोटोवाल्यांचा लाडका बॉल हेड हा एका खोबणीत बसवलेला गोळा असतो. एक खटका सैल केला, की कॅमेरा चहूदिशांनी मोकळा होतो. आवळला, की सगळीकडून पक्का. झटपट चौकट लावायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र खटका अर्धवट सैल ठेवून कॅमेरा सावकाश वळवायचा प्रयत्न केला, की त्याचा स्वभाव उघडा पडतो. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले असतात, तेव्हा त्यांना सरकवायला सुरुवातीला जास्त जोर लागतो आणि एकदा सरकू लागले की कमी. म्हणून हात हळूहळू जोर वाढवतो, काही होत नाही, आणि मग एकदम कॅमेरा सुटतो. हात सावरतो, कॅमेरा पुन्हा अडकतो. सावकाश वळणारा म्हणून घेतलेला शॉट अडखळत चालतो. शिवाय गोळा एकाच वेळी सगळ्या दिशांना मोकळा असल्यामुळे आडवं वळवताना चौकट तिरकीही होते.

फ्लुइड हेड यावर दोन उपाय करतं. पहिला, आडवं वळणं म्हणजे पॅन आणि वर-खाली झुकणं म्हणजे टिल्ट, या दोन हालचाली वेगवेगळ्या आसांवर ठेवायच्या आणि तिसरीला दारच बंद करायचं. दुसरा, फिरणाऱ्या चकत्यांमध्ये दाट तेलासारखा द्रव भरायचा. काकवीच्या भांड्यात पळी फिरवून पाहिली, की या द्रवाचं काम कळतं: पळी हळू फिरवली तर काकवी जवळजवळ विरोध करत नाही, जोराने फिरवू लागलं की तेवढाच जास्त विरोध होतो, आणि अडकून सुटणं असा प्रकार होत नाही. हाताचा झटका म्हणजे क्षणभर वाढलेला वेग. द्रव नेमका त्यालाच जास्त अडवतो. सावकाश, एकसारखी हालचाल मात्र सुखरूप पार पडते. वाईट ते गाळून चांगलं ते पुढे जाऊ देणारी ही यंत्रणा वीज, मोटर, संगणक यांच्याशिवाय चालते.

ही कल्पना आली ती गरजेतून. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात एरिक मिलर यांनी असं हेड बनवलं आणि त्यांच्या नावाची कंपनी आजही हेच काम करते. अमेरिकेत चॅडवेल ओ'कॉनर हे इंजिनियर होते. वाफेच्या इंजिनांवर त्यांचं प्रेम होतं आणि समोरून धावत जाणाऱ्या गाडीबरोबर कॅमेरा एकसारखा वळावा म्हणून त्यांनी आपलं हेड तयार केलं. आगगाड्यांचे वेडे असलेल्या वॉल्ट डिस्नेंच्या ते नजरेत भरलं. पुढे १९७५ सालासाठीच्या ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारांत ओ'कॉनर यांच्या हेडचा गौरव झाला. एका छंदिष्टाची अडचण सिनेमाच्या धंद्याची सोय झाली, हे या क्षेत्राला साजेसंच आहे.

इथे एक इशारा द्यायला हवा. स्वस्त ट्रायपॉडवर 'फ्लुइड' हा शब्द सर्रास छापलेला असतो आणि आत द्रव नसतोच. ग्रीस लावलेलं साधं घर्षणच असतं. ओळखायची रीत सोपी आहे. खटके पूर्ण सैल करून दांडा एका बोटाने अगदी सावकाश ढकलायचा. सुरुवातीला अडखळला, तर छापलेल्या शब्दाला किंमत देऊ नका. पॅनच्या वेगाचाही एक जुना अंदाज उपयोगी पडतो: सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रीकरणात एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद तरी लागावेत, नाहीतर चित्र तुटक दिसतं. सात सेकंद एकाच वेगाने बॉल हेड वळवून पाहा, म्हणजे फ्लुइड हेडचे पैसे कशासाठी लागतात ते समजेल.

४. क्षितिज का कलतं?

चांगलं हेड घेऊनही एक घोळ उरतो. पॅन सुरू करताना समुद्राची रेघ सरळ असते, पॅन संपताना तिरकी. कारण पॅनचा आस उभा नसतो. पाय उंचसखल जमिनीवर लावले आणि वरचा पाया समोरच्या दिशेने ३ अंश कललेला राहिला, असं समजा. बॉल हेडने पहिली चौकट आपण सरळ करून घेतली. पण वळणं होणार ते त्या कललेल्या पायावर. ३० अंश वळल्यावर क्षितिज दीड अंशाने तिरकं होतं. पूर्ण ९० अंश वळल्यावर सगळे ३ अंश त्यात उतरतात. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण १९२० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ५० पिक्सेलांचा फरक पाडतो. फोटोत हा दोष संगणकावर दोन सेकंदांत सुधारता येतो. व्हिडिओत तो दर फ्रेमला वेगळा असल्यामुळे सुधारणं जिकिरीचं होतं.

यावर एक उपाय म्हणजे दर वेळी तिन्ही पायांची लांबी कमीजास्त करत बसायचं. सह्याद्रीतल्या एखाद्या उतारावर, सूर्य बुडायला चार मिनिटं असताना, हे करून पाहणाऱ्याला दुसरा उपाय लगेच पटतो: हेडखालीच एक समतल करणारा सांधा ठेवायचा. व्हिडिओ ट्रायपॉडच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा असतो. त्याला बाऊल म्हणतात आणि त्याची मापं ७५, १०० आणि १५० मिमी अशी ठरलेली आहेत. हेडच्या तळाला त्या मापाचा अर्धगोल असतो. खालची मूठ सैल करायची, हेडवरच्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणायचा, मूठ आवळायची, झालं. पायांना बाऊल नसेल, तर लेव्हलिंग बेस नावाचा तोच सांधा वेगळा मिळतो आणि फोटो ट्रायपॉडच्या सपाट माथ्यावर बसतो. काही बॉल हेडना वरच्या बाजूला फिरणारा क्लॅम्प असतो. तिथे गोळ्याने समतल करून मग वरून वळता येतं आणि पॅनोरमा फोटोंना ते उत्तम चालतं. कोरड्या घर्षणाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

बाऊलचा दुसरा फायदा आपल्या मूळ प्रश्नाला थेट भिडतो. ७५ मिमी बाऊलमध्ये बसणारा अर्धगोल सपाट माथा आणि ३/८ इंची स्क्रूसह मिळतो, त्यावर बॉल हेड सुखाने बसतो. कॅमेऱ्याच्या तळाचा स्क्रू १/४ इंची आणि हेडखालचा बहुतेक ३/८ इंची, ही मापं जगभर सारखी आहेत. त्यामुळे पाय एका कंपनीचे, हेड दुसऱ्या कंपनीचं, असा संसार नीट चालतो. सकाळी फोटो, संध्याकाळी व्हिडिओ असा बेत असेल, तर हेड बदलणं हे काही मिनिटांचं काम आहे.

५. स्प्रिंगची भानगड

फ्लुइड हेडवर कॅमेरा ठेवून पुढे झुकवला आणि दांडा सोडला, तर तो नाकावर आपटायला हवा, कारण त्याचं वजन आसाच्या वर आहे. हे होऊ नये म्हणून आत एक स्प्रिंग असते. ती कॅमेऱ्याला मागे ओढते आणि वजन व ओढ यांचा मेळ बसला, की कॅमेरा झुकवाल तिथे थांबतो. याला काउंटरबॅलन्स म्हणतात. महाग हेडमध्ये स्प्रिंगच्या पायऱ्या बदलता येतात. छोट्या हेडमध्ये ती कारखान्यातच एका वजनासाठी बसवलेली असते आणि गोम तिथेच आहे. समजा, स्प्रिंग २.४ किलोसाठी आहे, आणि तीही वजनाचा मध्य प्लेटपासून ५५ मिमी वर असेल तर. आपला कॅमेरा आणि लेन्स मिळून १.७ किलो. झुकवून सोडला, तर स्प्रिंग जिंकते आणि कॅमेरा मान वर करतो. जास्त वजन पेलणारं हेड घेऊनही काम बिघडतं ते असं. उपाय गमतीदार आहे: कॅमेरा थोडा उंचावर बसवायचा. वजन कमी असलं तरी मध्य ७८ मिमीवर नेला, तर गुणाकार तोच येतो. कॅमेऱ्याभोवती लोखंडी वा ॲल्युमिनियमचा पिंजरा लावून, वर माइक आणि मॉनिटर चढवणाऱ्यांचे टिल्ट अचानक सुधारतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

यावरून 'कमाल वजन' या आकड्याकडे कसं पाहावं हेही ठरतं. तो आकडा मोजण्याची सर्व कंपन्यांत एकच पद्धत नाही, आणि हेड तुटत नाही म्हणजे चित्र स्थिर राहतं असंही नाही. पाय आणि बॉल हेड घेताना आपल्या सर्वांत जड जोडणीच्या दुप्पट-तिप्पट आकडा धरणं शहाणपणाचं. फ्लुइड हेड घेताना कमाल आकडा बाजूला ठेवून काउंटरबॅलन्सचा पल्ला विचारा. तो आपल्या वजनाच्या जवळ हवा, फार वर नको.

६. एकच हेड परवडत असेल तर

आता मूळ वादाचा निकाल लावता येतो. पैसे आणि पाठ दोन्हींना एकच हेड झेपत असेल, आणि व्हिडिओत कॅमेरा वळत असेल, तर फ्लुइड हेड घ्यावं. कारण फ्लुइड हेडवर फोटो काढता येतात, फक्त सावकाश. बॉल हेडवर पॅन-टिल्ट करता येत नाही, सावकाशही नाही. एका बाजूची उणीव वेळेची आहे, दुसऱ्या बाजूची उणीव कामाचीच आहे. निसर्गदृश्य, वास्तू, उत्पादनांचे फोटो अशा कामांत वेळ हाताशी असतो आणि पॅन व टिल्ट वेगळे असण्याचा फायदाच होतो: चौकट थोडी खाली आणताना ती तिरकी होत नाही.

खरी अडचण एकच, पण ठसठशीत: फ्लुइड हेडला तिसरी दिशा नाही, म्हणून कॅमेरा उभा कसा करायचा? टेलिफोटो लेन्सला स्वतःची कॉलर असेल, तर प्रश्नच नाही. कॉलर सैल करून लेन्ससकट कॅमेरा ९० अंश वळवता येतो. बाकी लेन्ससाठी एल-प्लेट हा उपाय आहे. कॅमेऱ्याच्या तळाला आणि एका बाजूला अशी काटकोनातली पट्टी बसते. आडव्या फोटोला तळ क्लॅम्पमध्ये, उभ्याला बाजू. ही पट्टी आर्का-स्विस पद्धतीच्या, सुमारे ३८ मिमी रुंदीच्या खाचेची असते आणि आता ती बहुतेक ठिकाणी चालते. इथे मात्र एक बारकावा चुकतो आणि लोक प्लेट परत करायला निघतात. व्हिडिओची लांब प्लेट लेन्सच्या दिशेने पुढे-मागे सरकते, तोल साधायला ती तशीच लागते. एल-प्लेटची खाच कॅमेऱ्याच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे आडवी असते. एल-प्लेट थेट फ्लुइड हेडच्या आर्का क्लॅम्पवर बसवली, तर लेन्स समोर न पाहता बाजूला पाहते. म्हणून व्हिडिओच्या लांब प्लेटवर एक सुटा आर्का क्लॅम्प आडवा बसवायचा, आणि तो एकाच स्क्रूवर फिरू नये म्हणून दोन स्क्रूंचा किंवा रोधक खुंटी असलेला निवडायचा. मग लांब प्लेट पुढे-मागे तोल सांभाळते, क्लॅम्प आडवा-उभा बदल सांभाळतो. हाच क्लॅम्प पुढे घेतलेल्या बॉल हेडवरही असला, की कॅमेऱ्याखालची प्लेट कधी काढावीच लागत नाही.

चिमणीएवढ्या पक्ष्यामागे धावणाऱ्यांना, लग्नात क्षणाक्षणाला चौकट बदलणाऱ्यांना आणि दगडांत वाकून रानफुलं टिपणाऱ्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांचा वेग बॉल हेडवर किंवा ट्रायपॉडविनाच जमतो. त्यांनी बॉल हेड घ्यावा आणि व्हिडिओत कॅमेरा वळवण्याचा मोह आवरावा. चांगली न वळणारी चौकट वाईट पॅनपेक्षा केव्हाही पाहवते.

७. 'आता ट्रायपॉड लागतोच कुठे?'

पहिला आक्षेप तंत्रज्ञानाचा. आजच्या कॅमेऱ्यांत सेन्सरच हलून थरथर शोषून घेतो, शिवाय मोटरवर चालणारे गिंबल आहेत. दोन्ही कामाचे आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे. गिंबल चालत्या माणसाचा कॅमेरा सांभाळतो. दीड तासाच्या कीर्तनासाठी तो हातात धरून उभं राहणं ही शिक्षा आहे. सेन्सरचं स्थिरीकरण ३० सेकंदांच्या रात्रीच्या फोटोला वाचवू शकत नाही. उलट ट्रायपॉडवर पॅन करताना ते सुरू राहिलं, तर कॅमेऱ्याला हेतुपुरस्सर वळणंही थरथरच वाटू शकतं. तो सुरुवातीला चौकट धरून ठेवतो आणि मग उडी मारतो. पॅनसाठी ते बंद करावं, किंवा मेन्यूत पॅनची वेगळी सोय असेल तर ती वापरावी.

दुसरा आक्षेप वजनाचा, आणि तो खरा आहे. पाय, लेव्हलिंग बेस आणि फ्लुइड हेड मिळून अडीच-तीन किलो सहज होतात. गडावर जाताना कोणी ते आनंदाने उचलत नाही. तिथे हेड बदलता येण्याचा फायदा घ्यावा: ज्या दिवशी फोटोच काढायचे, त्या दिवशी फ्लुइड हेड घरी. वाऱ्यात पाय हलतात म्हणून खालच्या हुकाला बॅग लटकवतात, ते ठीकच, पण बॅग अधांतरी राहिली तर तीच झुलून पाय हलवते. तिचा तळ जमिनीला टेकेल इतपतच लटकवावी. आणि रायगड किंवा वेरूळसारख्या ठिकाणी जायचं असेल, तर वजनाआधी परवानगीचा विचार करावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला आधी परवानगी घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप पैशाचा: दोन हेड, बेस, प्लेट, एवढं सगळं एकदम कोण घेणार? एकदम घेऊच नये. पायांवर आधी खर्च करावा, कारण ते दशकभर टिकतात आणि कॅमेरे बदलले तरी राहतात. मग आपल्या कामाचं एक हेड. मग लेव्हलिंग बेस. दुसरं हेड शेवटी, आणि तेही खरोखर कमी पडलं तरच. 'टू-इन-वन' खोक्याचा तोटा असा, की त्यातलं काहीही सुटं काढून पुढे नेता येत नाही. एक खटका तुटला की सगळं अडगळीत जातं.

८. दुकानात जाताना

आपला कॅमेरा आणि आपली सर्वांत जड लेन्स बरोबर घेऊन जा. पाय पूर्ण उघडा, मधला खांब खाली ठेवा, माथा दोन्ही हातांनी धरून पिळून पाहा. पीळ किंचित तरी येईल, पण तो हाताला ठळक जाणवू नये. कॅमेरा चढवून पडद्यावर प्रतिमा कमाल मोठी करा, एका पायाला टिचकी मारा आणि थरथर थांबायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन सेकंदांच्या टायमरने फोटो काढायचा असेल, तर ती त्याआधी थांबायला हवी. फ्लुइड हेडवर कॅमेरा पुढे-मागे सरकवून तोल साधा, तीस अंश झुकवा, दांडा सोडा. तो तिथेच राहिला पाहिजे. मग दुकानाच्या पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात सेकंदांचा पॅन घेऊन तो तिथेच पडद्यावर पाहा. दुकानदार घाई करत असेल, तर दुसरं दुकान गाठा.